चिंगी झोपली की पेटी झोपते

दादाचा फोन आला तेव्हा चिंगीचा घास तिच्या तोंडात कमी आणि माझ्या बाहीवर जास्त होता.

"काल दुपारी पुन्हा बंद पडली होती," तो म्हणाला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"माहितीये. मी तिथेच होते. मीच चालू करून दिली."

"तू होतीस म्हणून. तू नसतीस तर?"

चिंगीने फोनकडे बघून "दा" म्हटलं. एरवी त्यावर तो पाघळतो, आज पाघळला नाही.

"हे बघ, शनिवारी मी गाडी घेऊन येतोय. हिने खोली लावून ठेवलीये, पडदेसुद्धा शिवून आणलेत. आता मी आईला तिथे एकटीला ठेवणार नाही. ज्या पेटीच्या भरवशावर ठेवली तीच दर आठवड्याला मान टाकते."

"आईला सांगितलंस?"

"तू सांग. तुझं ऐकते ती."

आई आजवर कोणाचंच ऐकत आलेली नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण वाईट बातमी धाकट्याच्या हाताने पाठवायची आमच्या घरातली जुनी रीत आहे.

आई पुस्तकं बांधते. शाळांच्या, वाचनालयांच्या पुस्तकांची पानं सुटली की ती तिच्याकडे येतात आणि शिवून, पुठ्ठा चढवून, पुढच्या पोरांचे हात सोसायला तयार होऊन परत जातात. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. तिथे एक लोखंडी दाबयंत्र आहे, ते बाबांनी आणलं तेव्हा दरवाजाची चौकट काढावी लागली होती. दादाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात ते जाणार नाही, आणि त्याच्याशिवाय आई काय करेल हे आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो.

गेल्या वर्षी वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढताना ती स्टुलावरून पडली. फोन टेबलावर, ती जमिनीवर. पुस्तकांचा गठ्ठा पोचवायला आलेला शाळेचा शिपाई दार वाजवून वाजवून थकला आणि खिडकीतून डोकावला, तेव्हा कुठे कळलं. खुब्याला मार होता, हाड शाबूत होतं. तेव्हाच दादा तिला नेणार होता. मग खूप रडारड होऊन, म्हणजे त्याची आणि माझी, आई कोरडीच होती, तह झाला. घरात अलार्म बसवायचा. दारांना सेन्सर, धुराला सेन्सर आणि आईच्या गळ्यात एक बटण. बटण दाबलं की बोळातल्या भिंतीवरची पेटी इंटरनेटवरून कंट्रोल रूमला कळवणार, तिथलं माणूस पेटीतूनच आईशी बोलणार, आई बोलली नाही तर मदत पाठवणार. आईच्या जाड भिंतींच्या घरात मोबाइलची रेंज धड येत नाही, त्यामुळे सगळी मदार इंटरनेटवर. बसवणाऱ्या माणसाने त्या पेटीला 'कम्युनिकेटर' म्हटलं होतं. आईने त्याच्यासमोर मान डोलावली आणि तो गेल्यावर तिचं नाव पेटी ठेवलं.

पेटीचा दिवा हिरवा असला की सगळं ठीक. पिवळा झाला की संपर्क तुटला, आणि तसा मेसेज थेट दादाला.

पहिल्यांदा तुटला तेव्हा कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गेला. हिरवा दिवा बघितला, बटण दाबून बघितलं. "काही प्रॉब्लेमच नाही, मावशी," म्हणाला आणि निघाला. दुसऱ्यांदा आला त्याने वायर बदलली. तिसऱ्यांदा आलेल्याने आधीच्या दोघांना नावं ठेवली, चहा घेतला, आणि दिवा हिरवाच बघून तोही गेला.

आणि मी होते. चिंगी व्हायच्या आधी मी प्रिंटरच्या कंपनीत फोनवर मदत करायचे. बंद करून चालू करा, असं मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही सांगेन. आईकडे गेले आणि दिवा पिवळा झाला की मी पेटी बंद करून चालू करायचे, राउटर बंद करून चालू करायचे, कपाळाला आठ्या घालून वायरी हलवायचे. मग बसची वेळ व्हायची. मी चिंगीचं सगळं सामान पिशवीत कोंबेपर्यंत दिवा हिरवा झालेला असायचा. "हिच्या हाताला गुण आहे," असं आई शेजारच्या काकूंना सांगायची. मी वरवर नको नको म्हणायचे, आतून फुगायचे.

गुरुवारी दुपारी गेले तेव्हा आई भूगोलाच्या पुस्तकांच्या ढिगामागे बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर, बोटं खळीने पांढरी.

"एवढं काम कुठून आलं?"

"मागून घेतलं," ती म्हणाली. "दे तिला इकडे."

"हात धू आधी."

"खळ आहे ती, विष नाही. तुम्ही दोघं खळ चाटूनच मोठे झालात."

चिंगीने आजीचा चष्मा ओढला, पुठ्ठ्याचा तुकडा चावला, मग डोळे चोळायला लागली. मी तिला मागच्या खोलीत नेऊन निजवलं. पुढे दाबयंत्राचा खडखडाट असतो, म्हणून ती कायम मागेच झोपते. खिडकीत तिचा छोटा कॅमेरा लावला, फोनवर तिचं चित्र आलं, तोंडात अंगठा, एक मोजा गायब. मी दार लोटून पुढे आले आणि सांगून टाकलं.

"दादा शनिवारी येतोय. न्यायला."

आई सुईत दोरा ओवत होती. ओवून झाला तेव्हा म्हणाली, "पडदे शिवले म्हणे."

"तुला माहितीये?"

"तुझ्या वहिनीने रंग विचारला होता. मी म्हटलं, निळा. मला वाटलं तिच्या हॉलसाठी विचारतेय." तिने पहिला टाका घातला. "चांगली आहे गं ती. त्यालाही माझी काळजी आहे म्हणून करतो. म्हणून तर भांडता येत नाही."

एवढंच. मग तिने पुढचा टाका घातला, तो वाकडा पडला आणि तिने तो उसवला. आईचा वाकडा टाका मी पहिल्यांदा पाहिला.

तेवढ्यात बोळातून बारीकसा बीप आला.

"झालं," आई मान वर न करता म्हणाली. "चिंगी झोपली की पेटी झोपते."

मी जाऊन पाहिलं. पिवळा. मला त्या पेटीच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली. दादाच्या फोनवर आत्ता मेसेज पोचला असणार, आणि तो ऑफिसात बसून मान हलवत असणार, बघ, मी म्हटलं नव्हतं? यावेळी मी बंद-चालू केलं नाही. मदतकेंद्राला फोन लावला, बरंच संगीत ऐकलं, आणि शेवटी एक मुलगी आली. आवाज तरुण, वाचून दाखवल्यासारखा.

"मॅडम, प्रथम आपण पेटी बंद करून..."

"केलंय. दहा सेकंद थांबूनही केलंय. राउटरही केलंय. वायर नवी आहे. राउटरवरचं पोर्ट बदलून पाहिलंय. आता तुम्ही विचाराल बाकी इंटरनेट चालतंय का. चालतंय."

"मॅडम, तुम्ही याच लाइनमधल्या का?"

"प्रिंटर."

"अरे देवा!" ती खळखळून हसली. "मग तुमचे भोग माझ्यापेक्षा मोठे. थांबा, हा कागद बाजूलाच ठेवते. तुम्हीच सांगा, हे होतं कधी?"

"दुपारी. कधी रविवारी. तुमची माणसं सकाळी येतात तेव्हा कधीच नाही." मी वैतागून पुढे म्हटलं, "आमच्या आईचं म्हणणं असं की आमची मुलगी झोपली की ही पेटी झोपते."

मला वाटलं ती परत हसेल. ती हसली नाही.

"मुलगी झोपल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? पाठ टेकते. आईशी बोलते."

"त्याच्या आधी. झोपवल्या झोपवल्या."

"पांघरूण घालते. दार लोटते. कॅमेरा..." आणि मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"कॅमेरा वायफायवर?"

"वायफायवर."

"मॅडम," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात वाचून दाखवणं अजिबात नव्हतं, "जाऊन कॅमेऱ्याची वायर काढता का?"

मी चोरपावलांनी गेले, चिंगीच्या डोक्यावरून हात लांबवून वायर काढली, तशीच चोरपावलांनी परत आले. आम्ही तिघी, मी, आई आणि फोनमधली मुलगी, पेटीसमोर उभ्या राहिलो. म्हणजे तीही उभी असावी असं मला वाटत राहिलं. दिवा पिवळा, पिवळा, पिवळा. मग हिरवा.

"हिरवा!" आई ओरडली, आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"लावा परत."

परत लावला. थोड्या वेळाने पिवळा. काढला. हिरवा. माझ्या हाताचा गुण तो हाच. मी जायला निघाले की आधी कॅमेरा काढायचे, आणि पेटी आपोआप शुद्धीवर यायची. श्रेय मी घेऊन जायचे.

मग तिने मला दोन आकडे वाचायला लावले. एक पेटीच्या पडद्यावरचा, एक राउटरच्या यादीत कॅमेऱ्यासमोरचा. मी पहिला वाचला, दुसरा वाचला, आणि मला वाटलं चुकून पहिलाच परत वाचला. चुकले नव्हते. दोन्ही एकच होते, शेवटच्या आकड्यापर्यंत.

आईला मी समजावायला लागले. राउटर घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, त्या नंबरावरच त्याची ये-जा चालते. पेटी बसवणाऱ्याने पेटीला एक नंबर स्वतःच ठरवून दिला आणि राउटरला ते सांगितलंच नाही. राउटर बिचारा आपला ओळीने नंबर वाटत राहिला. आईचा फोन, माझा फोन, आणि मग कॅमेरा आला, त्याला नेमका पेटीचाच...

"दोन फर्म्यांवर एकच आकडा," आई म्हणाली.

"हं?"

"अगं, पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्यांनी बनतं ना, ते फर्मे. त्यांच्यावर आकडे असतात, ते बघून मी ओळीने लावते. एकदा छापखान्याने दोन फर्म्यांवर एकच आकडा मारला होता. फर्मे चांगले, छपाई चांगली, माझी शिवणही चांगली. आणि पुस्तक वाचायला घ्यावं तर राजा मेल्यावर त्याची मुंज." तिने दिव्याकडे बोट केलं. "म्हणजे ही बिघडलेली नाहीच. हिचा आकडा तेवढा बदलायचा."

"तुमच्या आईंना आमच्याकडे पाठवून द्या," फोनमधली मुलगी म्हणाली.

"तीच तर भीती आहे," मी म्हटलं. "सगळेच तिला कुठेतरी पाठवायला बसलेत."

आकडा बदलायला वेळ लागला, कारण मधेच चिंगी उठली आणि तिला आकड्यांचं काही पडलेलं नव्हतं. आईने तिला उचललं. मी फोन खांद्यात धरून पेटीच्या बटणांवर टकटक करत होते. राउटर जिथपर्यंत नंबर वाटतो त्याच्या कितीतरी पलीकडचा एक नंबर आम्ही पेटीला दिला. "आता तिच्या वाटेला कोणी जाणार नाही," मुलगी म्हणाली. नाव विचारायच्या आत तिने पुढचा फोन घेतला. आमच्या लाइनमध्ये असंच असतं.

मी वळून पाहते तर आई चिंगीला खांद्यावर घेऊन डुलत होती.

"आई, ती आत्ता उठलीये."

"मग परत झोपवते. त्याशिवाय बघायचं कसं?"

"कॅमेऱ्याला चिंगी लागत नाही गं! नुसता लावला तरी चालतो."

आई इतकी हसली की तिला बसावं लागलं. ती हसली म्हणून चिंगी हसली. कॅमेरा रिकाम्या गादीकडे बघत बसला, आणि दिवा हिरवाच राहिला. आम्ही चहा केला, तरी हिरवा. मी मुद्दाम माझा जुना फोनही जोडला, तरी हिरवा.

निघताना एक गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि मी दारातच थांबले. "आई, मी नसताना हा कधी पिवळा झालाय?"

तिने विचार केला. "नाही. तू आलीस की होतो."

"म्हणजे तू एकटी असताना ही एकदाही गप्प पडली नाही. ज्यासाठी बसवली तेव्हा ती कायम जागी होती."

"म्हणजे बिघाड तू होतीस," आई म्हणाली.

"मीच," मी म्हटलं. इतका आनंद मला स्वतःला बिघाड म्हणवून घेताना होईल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी दादा आला. हातात दोन रिकाम्या सुटकेसा. त्या त्याने दाराशी ठेवल्या, नीट, एकमेकींना चिकटून. मी त्याला सगळं सांगितलं, कॅमेरा लावून दाखवला, काढून दाखवला. त्याच्या फोनमधले मेसेज आम्ही एकेक करून पाहिले. प्रत्येक वेळी मी इथे होते. दोन रविवारी तर तोही होता.

"पटतंय," तो म्हणाला. "पण उद्या दुसरं काहीतरी निघेल गं. परवा तिसरं. यंत्रच ते."

"खरंय," आई म्हणाली. मला तिचा राग आला. तिने भांडावं असं वाटत होतं. "तुम्ही दोघं असं करा, चिंगीला फिरवून आणा. मी बटण दाबते. कधी ते सांगत नाही. कंट्रोल रूमला आधीच कळवून ठेवलंय, चाचणी आहे म्हणून. तुझ्याकडे फोन यायला हवा. नाही आला तर सुटकेसा भरू."

"खरंच?"

"मी कधी खोटं बोलले?"

आम्ही निघालो. बाबागाडीचं एक चाक कुरकुरत होतं. दादा गाडी ढकलत होता आणि फोन हातातच धरून होता, खिशात ठेवला तर ऐकू येणार नाही म्हणून. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेलो. तिथून बागेच्या फाटकाशी. त्याने पडद्यांचं सांगितलं, निळे, गडद नाही, फिका निळा. मी हं हं करत होते. चिंगी तिच्या पायांशी बोलत होती.

आणि फोन वाजला.

"हो, मीच मुलगा," दादा म्हणाला. मला पलीकडचं ऐकू येत होतं. एक शांत बाई सांगत होत्या की तुमच्या आईंनी बटण दाबलंय, आमचं त्यांच्याशी बोलणं झालंय, त्या ठीक आहेत, ही चाचणी आहे, आणि येताना ब्रेड आणायला सांगितलाय.

मी हसायला तोंड उघडलं, तर दादा जागेवर नव्हता. तो धावत होता. ऑफिसच्या बुटांत, शर्ट पँटमधून सुटलेला, लाँड्रीवाल्याच्या कपड्यांच्या गाडीला वळसा घालून. चिंगीला वाटलं खेळ आहे, ती टाळ्या वाजवायला लागली. मी बाबागाडी घेऊन मागे पळाले. पळता पळता मला कळलं की गेले वर्षभर हा माणूस दुसऱ्या गावात बसून, प्रत्येक मेसेजला, मनातल्या मनात असाच धावत होता.

मी पोचले तेव्हा तो बोळात भिंतीला हात टेकून धापा टाकत होता. आई समोर उभी.

"अरे, चाचणी होती ना?"

"माहितीये."

"मग धावलास कशाला?"

"मी नाही धावलो," तो म्हणाला. "पाय धावले."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग गळ्यातल्या बटणाची दोरी हातात घेऊन तिने ती पदरासारखी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"एक सांगू का? ओरडू नकोस," ती म्हणाली. "मी हे कामाला बसले की काढून ठेवते. खळ लागते, चिकट होतं. खिळ्याला अडकवते."

"आई!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

"म्हटलं ना, ओरडू नका. पेटी जागी होती, मीच नव्हते. आता नाही काढणार." तिने त्याच्या घामेजल्या कपाळावरचे केस मागे केले, लहानपणी करायची तसे. "तू असा धावणार असशील तर नाही काढणार."

"ते धुता येतं," दादा म्हणाला. "पाण्यातही चालतं. बसवणाऱ्याने सांगितलं होतं, तू ऐकलंच नसशील."

"मग धुवायला शिकव मला."

दोघं मोरीपाशी गेले. तो बटण चोळून चोळून धूत होता आणि ती 'अरे हळू, नखाने नको' म्हणून त्याला शिकवत होती, शिकायचं तिला असताना. मी चिंगीला काखेत घेऊन दारात उभी होते. धुऊन, पुसून, त्याने ते तिच्या गळ्यात घातलं आणि दोरी मागे नीट बसवली. मग तिथेच उभं राहून वहिनीला फोन लावला.

"हं, मी बोलतोय. नाही, निघालो नाही. ऐक ना, आई येत नाहीये." पलीकडून काहीतरी लांबलचक. "नाही गं, भांडण नाही झालं. नाही, रडलीही नाही. मी? मी कशाला रडू? धावलो म्हणून दम लागलाय. येऊन सांगतो."

"पडद्यांचं विचारतेय?" आईने हळूच विचारलं.

त्याने मान डोलावली.

आईने त्याच्या हातातून फोनच काढून घेतला. "हे बघ, पडदे काढू नकोस हं. सुट्टीत येते मी. आठ दिवस राहीन. त्याहून जास्त नाही, भूगोल अर्धा राहिलाय. आणि हा आज इथेच जेवेल. तू वाट बघू नकोस, जेवून घे."

तिने फोन परत दिला आणि आम्हा दोघांकडे रागाने बघितलं.

"ब्रेड कुठाय?"